ब्रॉडहेड लावलं की बाण भरकटतो? आधी हे तपासा, मग पैसे काढा

फील्ड पॉइंट लावून वीस यार्डांवरून मारलेले तुमचे तिन्ही बाण मुठीएवढ्या जागेत बसतात. त्याच बाणांना शिकारीची ब्रॉडहेड लावली की एक डावीकडे, एक खाली, एक भलतीकडेच. हंगाम तोंडावर आलेला असतो, म्हणून बहुतेक जण घाईनं दुसऱ्या कंपनीची ब्रॉडहेड मागवतात. तसं करू नका. तीन ब्रॉडहेडचं पाकीट साधारण ४० ते ६० डॉलरला पडतं, आणि दोष बहुधा पात्यात नसतोच. तो धनुष्याच्या जुळणीत, बाणाच्या दांडीत किंवा तुमच्या पकडीत असतो. नवं पातंही तिथंच जाईल.

कारण एवढंच: ब्रॉडहेडच्या पात्यांना पुढच्या बाजूला वारा धरायला जागा मिळते. बाण सुटताना केसभर वाकडा असेल, तर पाती त्याला वळवतात आणि मागची पिसं सरळ करायला बघतात. फील्ड पॉइंटला पाती नसतात, त्यामुळे तोच वाकडेपणा झाकला जातो.

हे मार्गदर्शन अमेरिकेत राहून कंपाउंड धनुष्यानं हरणाच्या शिकारीला नव्यानं निघालेल्या मराठी वाचकांसाठी आहे. परवान्याचे दर आणि नियम पेनसिल्व्हेनियाचे दिले आहेत. राज्य बदललं की तेही बदलतात. दुकानांचे दर गावागणिक वेगळे असतात, तेव्हा खालचे आकडे अंदाजासाठी धरा आणि फोनवर विचारून घ्या.

आधी पूर्ण हिशोब. घरची तपासणी: शून्य ते ३० डॉलर. दुकानात साधी जुळणी: ३० ते ६०. ब्रॉडहेडपर्यंतची पूर्ण जुळणी: ७५ ते १५०. दोऱ्यांचा नवा संच, बसवण्यासह: १५० ते २५०. चुकीच्या कडकपणाचे बाण बदलायचे असतील तर डझनाला १०० ते २००. खर्च याच क्रमानं करा. वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर उडी मारणाऱ्यांचेच पैसे वाया जातात.

केव्हा करायचं? जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबर लागला की धनुष्याच्या दुकानांत गर्दी होते. धनुष्य ठेवून जा म्हणतात आणि तुम्हाला ते परत मिळेपर्यंत सरावाचे दिवस निघून जातात. घरची तपासणी एका शनिवारी सकाळी होते. रेस्टची, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराची, जुळणी दोन-तीन संध्याकाळी खाते. दमलेल्या हातानं मारलेल्या बाणांवरून काही ठरवू नका, म्हणून एका दिवसात संपवायचा हट्ट नको.

कुठं करायचं, हे आधी पक्कं करा. पुष्कळ क्लबांत आणि बंदिस्त रेंजवर ब्रॉडहेड मारायला मनाई असते, कारण पाती टार्गेट फाडतात. वर्षाची फी भरण्याआधी हाच एक प्रश्न विचारा. घरामागच्या अंगणात मारणार असाल तर तुमच्या टाउनशिपचा नियम आणि घरमालक संघाचा करार, दोन्ही बघा. टार्गेटच्या मागं भक्कम आडोसा हवा आणि पलीकडे वाट किंवा शेजाऱ्याचं अंगण नको. टार्गेट थरांच्या किंवा घट्ट फोमचं घ्या, ६० ते १३० डॉलर. कापडी पिशवीचं टार्गेट स्वस्त पडतं, पण ते फक्त फील्ड पॉइंटसाठी. ब्रॉडहेड त्यात गेलं तर निघत नाही आणि पिशवीही फाटते.

आता तपासणी. प्रत्येक बाण हातात घेऊन हलकेच वाकवा, फिरवत पुन्हा वाकवा. करकर ऐकू आली, चीर दिसली किंवा बोटाला कुसळ लागलं, तर तो बाण तिथल्या तिथं मोडून टाका. तडकलेला कार्बनचा बाण सुटतानाच फुटतो आणि त्याच्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. इथं बारा डॉलर वाचवू नका.

मग वजन. फील्ड पॉइंट १०० ग्रेनचा आणि ब्रॉडहेड १२५ ग्रेनचं, अशी गफलत वाटते त्याहून जास्त वेळा होते. पाकिटावरच्या आकड्यावर न जाता ग्रेन मोजणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवून बघा. काटा २० ते ३० डॉलरला मिळतो, दुकानात फुकट मोजून देतात.

तिसरी तपासणी सर्वांत फलदायी. ब्रॉडहेड घट्ट बसवा, बाण कठीण पृष्ठभागावर टोकावर उभा करा आणि भिंगरीसारखा फिरवा. पातं आणि दांडी यांच्या जोडाकडे बघा. तिथं थरथर दिसली तर तो बाण सरळ जाणार नाही, धनुष्य कितीही जुळवलेलं असो. तेच ब्रॉडहेड दुसऱ्या दांडीवर लावून फिरवा. थरथर ब्रॉडहेडबरोबर गेली तर दोष ब्रॉडहेडचा, पाकीट परत करा. दांडीतच राहिली तर दांडीचं तोंड काटकोनात कापलेलं नाही किंवा आतला इन्सर्ट वाकडा बसलाय. तोंड घासून काटकोनात आणायचं हत्यार २५ ते ४० डॉलरचं असतं. एकदाच लागणार असेल तर विकत घेऊ नका, दुकानदाराला करून मागा. हे करताना प्रत्येक बाणाला मार्करनं क्रमांक द्या. पुढचं सगळं त्या क्रमांकांवर चालतं. ब्रॉडहेड फिरवून बसवताना बोटांऐवजी पाकिटातला प्लास्टिकचा पाना वापरा. तो हरवला असेल तर दुसरा दोन-तीन डॉलरला मिळतो, बोटाचे टाके त्याहून फार महाग पडतात.

आता मारून बघा. टार्गेटवर दोन ठिपके काढा. एकावर फील्ड पॉइंटचे तीन बाण, दुसऱ्यावर ब्रॉडहेडचे तीन. एकाच ठिपक्यावर मारलेत तर पाती आधीच्या बाणांची पिसं कापतील. वीस यार्डांवर सुरू करा, मग तीस, मग चाळीस. वारा असेल तर त्या दिवशी थांबा.

निकाल दोन प्रकारचा येतो, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. पहिला प्रकार: ब्रॉडहेडचे तिन्ही बाण एकत्र बसतात, पण जागा भलतीच असते. ही चांगली बातमी आहे. बाण ठीक आहेत, धनुष्याची जुळणी थोडी बाहेर आहे, आणि बहुधा फुकटात सुटेल. दुसरा प्रकार: ब्रॉडहेडचे बाण विखुरतात. तेव्हा रेस्टला हात लावू नका. दोष बाणात, पिसांत किंवा तुमच्यात आहे, आणि रेस्ट हलवलात तर गुंता वाढेल.

पहिल्या प्रकारावर उपाय असा. ब्रॉडहेड ज्या दिशेला न्यायची आहेत, त्या दिशेला रेस्ट सरकवा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे बसत असतील तर रेस्ट उजवीकडे. खाली बसत असतील तर रेस्ट वर. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून कमी असलं तर उत्तमच. हात लावण्याआधी मूळ जागेवर पेन्सिलनं खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच दिशा बदला, आधी उभी, मग आडवी. प्रत्येक बदलानंतर दोन्ही प्रकारचे बाण मारा. दोन्ही गट हळूहळू एकमेकांकडे सरकतील. ते एकत्र आले की मगच साइट हलवून सगळे बाण मध्यावर आणा.

साइट आधी हलवण्याचा मोह होतो. ब्रॉडहेड तीन इंच डावीकडे जातात ना, मग साइटच तीन इंच डावीकडे घ्या, असं शेजारी सांगेल. त्यानं वीस यार्डांवर काम भागेल, पण तीस-चाळीसवर फरक वाढेल आणि बाण हवेत तिरकाच राहील. तिरका बाण हरणात कमी खोल जातो. जखमी जनावर जंगलात निसटतं आणि तासन्‌तास तडफडून मरतं. ही जुळणी नीट करण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे, त्यामुळे इथं तडजोड मान्य करू नका.

रेस्ट किती सरकवायचं यालाही मर्यादा आहे. पुष्कळ धनुष्यांवर बाणाचा मध्य रायझरपासून सुमारे १३/१६ इंचावर असतो. तुमच्या धनुष्याचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत बघा. त्या आकड्यापासून इंचाच्या आठव्या भागाहून लांब जावं लागत असेल तर थांबा. मग कॅम, म्हणजे दोरी फिरते ते टोकाचं चाक, झुकलेला आहे किंवा बाणाची दांडी चुकीची आहे. हे रेस्टनं सुटत नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बाण विखुरत असतील तर, सुरुवात स्वतःच्या हातापासून करा, त्याला पैसे लागत नाहीत. धनुष्याची मूठ आवळून धरली की सुटताना धनुष्य पिळलं जातं. फील्ड पॉइंट ते माफ करतो, ब्रॉडहेड करत नाही. मूठ अंगठ्याच्या मुळाशी टेकवा, बोटं सैल सोडा. मग शिकारीचं जाड जॅकेट आणि हातमोजे घालून मारा. जुलैत टी-शर्टवर जुळवलेलं धनुष्य नोव्हेंबरात बाहीला दोरी घासते म्हणून बिघडतं. भाता धनुष्याला लावूनच शिकार करणार असाल तर सरावही भाता लावून करा.

मग पिसं कुठं घासतात का ते बघा. पायाला मारायची पांढरी पावडर स्प्रेच्या डब्यात मिळते, सहा ते दहा डॉलर. पिसांवर आणि रेस्टवर फवारा, एक बाण मारा, पावडर कुठं पुसली ते बघा. खाली पडणारं रेस्ट वेळेवर पडत नसेल तर त्याची बारीक दोरी घट्ट-सैल करावी लागते. नॉक फिरवून पिसांची दिशा बदलली तरी कधी कधी एवढ्यानंच काम होतं. तेही फुकट.

पिसं लहान आणि अगदी सरळ चिकटवलेली असतील तर मोठ्या पात्याच्या ब्रॉडहेडला ती पुरत नाहीत. किंचित तिरकी किंवा पीळ देऊन लावलेली पिसं बाणाला लवकर फिरवतात. दुकानात बाणामागं दोन ते चार डॉलर घेतात. सहा बाणांची पिसं बदलून घ्या, डझनभराची नको. जमलं तर बाकीची करा.

दुकानात जायची वेळ आली, तर आधी फोन करा. ‘ट्यूनिंग ४० डॉलर’ या पाटीत काय येतं हे दुकानागणिक बदलतं. काही ठिकाणी फक्त रेस्ट मध्यावर आणून एक बाण कागदातून मारतात आणि संपलं. तुम्हाला हव्या असलेल्या गोष्टी अशा: दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतात का हे बघणं, नॉकची उंची, कागदातून मारणं, पिसांशिवायचा बाण मारून बघणं आणि शेवटी ब्रॉडहेड. यातलं काय दरात आहे आणि कशाचे वेगळे पैसे, ते एकेक विचारा. धनुष्य त्यांच्याकडून घेतलेलं नाही हे फोनवरच सांगा. पुष्कळ दुकानं बाहेरच्या धनुष्याला जास्त दर लावतात, काउंटरवर कळलं तर नाइलाज होतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: कागदातून बाण कोण मारणार? कारागिरानं स्वतःच्या हातानं मारून छान गोल भोक पाडून दाखवलं तर ती जुळणी त्याच्या पकडीला झाली, तुमच्या नाही. कागदापासून सहा-आठ फुटांवर उभं राहून तुम्हीच मारा, तो बघेल. म्हणून धनुष्य टाकून येऊ नका. वेळ घेऊन तासभर थांबा. बरोबर तुमचं रिलीज, भाता, क्रमांक घातलेले बाण आणि ब्रॉडहेड न्या.

छुपे पैसे इथं असतात. प्रेस, म्हणजे दोरी सैल करण्यासाठी धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लावण्याचे १० ते २० डॉलर. दोरीवरची डी-लूप नवी बांधली तर ५ ते १०. कॅम सरकवायला लागणाऱ्या चकत्यांची किंमत वेगळी. नवी दोरी घेतलीत तर ती मारून मारून बसेपर्यंत थोडी ताणते, आणि मग पुन्हा जुळणी लागते. ही दुसरी जुळणी फुकट की पुन्हा पैसे, हे दोरी बसवण्याआधी ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या. वर विक्रीकर: पेनसिल्व्हेनियात ६ टक्के, पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी काउंटीत ७, फिलाडेल्फियात ८.

दोरी खरंच बदलायला हवी का? धागे केसाळ दिसत असतील, गुंडाळी सरकली असेल किंवा दोन-तीन वर्षं सतत वापर झाला असेल तर हो. नसेल तर मेण लावा, पाच डॉलर. प्रेस नसताना घरी दोरी काढायचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. ताणलेले लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या) सुटले तर हात मोडतो. बोटेक कंपनीच्या २०२० नंतरच्या काही मॉडेलांवर कॅम साध्या पान्यानं आडवा सरकतो, प्रेस लागत नाही. तुमचं मॉडेल त्यातलं असेल तर हा खर्च वाचला.

इतकं करूनही बाण विखुरत असतील तर दांडीचा कडकपणा बघा. दांडीवर ३४०, ४००, ५०० असा आकडा असतो. आकडा लहान तितकी दांडी कडक. धनुष्याचा जोर वाढवलात, बाण लांब ठेवलात किंवा टोकाचं वजन वाढवलंत की त्याच दांडीचं वागणं मऊ होतं. बाण उत्पादकांच्या फुकट तक्त्यावर तुमचा जोर, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन घालून बघा. दांडी मऊ निघाली तर नवे बाण घेण्याआधी धनुष्याचा जोर दोन-तीन पौंड कमी करून मारा. लिंबचे दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे एवढंच, पैसे नाहीत. गट आवळला तर दोष सापडला. शिकारीला तेवढाच जोर पुरत असेल तर बाण घेऊच नका. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी किमान ३५ पौंड लागतात, त्याच्या बऱ्याच वर असलात तर पुरे. बाण घ्यायचेच असतील तर आधी एकच घेऊन बघा. कापणं आणि इन्सर्ट बसवणं खरेदीबरोबर फुकट मागा, पुष्कळ दुकानं देतात.

यांत्रिक ब्रॉडहेडचं काय? उडताना पाती मिटलेली, लागल्यावर उघडणारी. ती फील्ड पॉइंटसारखी उडतात, म्हणून दुकानदार हाच सोपा मार्ग सांगतो. हंगामाला चार दिवस उरले असतील तर पर्याय म्हणून ठीक. पण धनुष्य बेजुळतं असताना ती लावणं म्हणजे दोष झाकणं: बाण तिरकाच जाणार, आणि पाती उघडण्यात त्याचा काही जोर खर्च होणार. कमी जोराच्या धनुष्याला, साधारण ५० पौंडांखाली, माझा सल्ला स्थिर पात्यांचा. तुमच्या राज्यात यांत्रिक पात्यांवर बंधनं आहेत का, ते खरेदीआधी नियमपुस्तिकेत बघा. पेनसिल्व्हेनियात ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि दोन कापत्या धारांचं हवं.

नामांकित ब्रॉडहेडच्या नकला ऑनलाइन बाजारात निम्म्याहून कमी दरात मिळतात. घेऊ नका. वजनात फरक, फेरुल वाकडा, पाती हाडावर मोडणारी. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि पावती जपा.

आता कागदपत्रं. दुकानाला आणि जुळणीला काहीच लागत नाही. संघराज्याच्या कायद्यात धनुष्य हे बंदुकीच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे व्हिसावर असणाऱ्यांना बंदुकीबद्दलच्या अटी इथं लागत नाहीत. शिकारीला मात्र परवाना हवाच. पहिल्यांदाच घेत असाल तर हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा: वर्गात बसून केलात तर फुकट, ऑनलाइन केलात तर शुल्क. मग हंटफिशपीए या सरकारी पोर्टलवर किंवा परवाना विकणाऱ्या दुकानात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक घेऊन जा. १७ ते ६४ वयाच्या रहिवाशाला सर्वसाधारण परवाना २०.९७ डॉलर आणि त्यावर धनुष्याचा वेगळा १६.९७. नुसता धनुष्याचा चालत नाही. परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून, म्हणजे मे महिन्यात घेतलेला हिवाळ्यात उपयोगाचा नाही. राज्याबाहेरच्या पाहुण्याला सर्वसाधारण परवानाच १०१.९७ डॉलरला पडतो. शिंग नसलेल्या हरणाचा परवाना आणखी वेगळा, विभागवार मिळतो, आणि मागणी असलेल्या विभागांत लवकर संपतो. शिकार करताना राहत्या घरापासून ५० यार्डांच्या आत, तिथं राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय, धनुष्य चालवता येत नाही.

भारतात जाताना भाच्यासाठी धनुष्य न्यावंसं वाटेल. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेतेपद मिळवल्यापासून ही मागणी घराघरांतून येते. विमानात धनुष्य आणि बाण चेक-इन सामानातच टाकावे लागतात, आणि कस्टम्सचा खर्च आधी विचारून ठेवा. ब्रॉडहेड मात्र इथंच ठेवा. भारतात मैदानावरच्या तिरंदाजीत त्यांचा उपयोग नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथं शिकारीला बंदी आहे. उसात शिरणाऱ्या रानडुकरासाठी म्हणून कुणी मागितली तरी देऊ नका. परवानगीशिवाय मारलं तर तो गुन्हा आहे.

हंगामाच्या आधीच्या आठवड्यात भात्यात जाणारा प्रत्येक बाण त्याच्याच ब्रॉडहेडसह एकदा मारा. गटाबाहेर गेलेला क्रमांक सरावाला ठेवा, भात्यात नको. मारलेल्या पात्यांची धार फोममध्ये गेलेली असते. पाती बदलता येण्यासारखी असतील तर नवा संच १५ ते २५ डॉलर, नसतील तर धार लावून घ्या. बदलल्यावर बाण पुन्हा टोकावर फिरवून बघा. आणि गाडीत एक छोटं टार्गेट व फील्ड पॉइंटचा एक बाण राहू द्या: प्रवासात धनुष्य कुठं आपटलं असेल तर झाडावर चढण्याआधी तिथंच एक बाण मारून कळेल.